वाचकांचे प्रश्न : घरचं मिलिंग आणि बॉल स्क्रू

या वेळच्या टपालात बॉल स्क्रूच्या तक्रारी जास्त आहेत. बॉल स्क्रू म्हणजे मशिनचं टेबल सरकवणारा आट्यांचा दांडा, ज्याच्या नटात बारीक गोळ्या फिरतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत घराच्या पडवीत, गोठ्याच्या जागेत लहान मिलिंग मशिनं उभी राहिली आहेत आणि पोरं ती स्वतः सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारी, करताहेत. मशिन मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचा फार आनंद आहे. म्हणून हा अंक पूर्ण याच विषयाला दिला आहे.

निपाणीहून एक वाचक लिहितात :

"काका, नमस्कार. बेंच मिलिंग सीएनसी केलंय. तिन्ही अक्षांना १६०५ चे बॉल स्क्रू, बीके-१२ आणि बीएफ-१२ चे बेअरिंग ब्लॉक, स्टेपर मोटर. अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये ४० मिमीचं भोक मिल केलं तर डाव्या-उजव्या कडेला सपाट चट्टा पडायलाय. डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून टेबल ढकललं तर ०.१४ मिमी हलायलंय. दुकानदार म्हणतो नट सैल आहे, डबल नट घ्या. किंमत ऐकून थांबलोय. नट बदलू काय?"

थांबलात ते फार बरं केलंत. नट बदलू नका. निदान खाली सांगतो ते तपासून होईपर्यंत तरी नाही.

१६०५ म्हणजे १६ मिमी जाडी आणि एका फेऱ्यात ५ मिमी चाल. तुमचा स्क्रू रोल करून बनवलेला सी७ दर्जाचा असणार. सी७ हा आकडा चालीच्या अचूकतेचा आहे : ३०० मिमीत जास्तीत जास्त ०.०५ मिमी फरक. नटमध्ये किती प्ले, म्हणजे ढिलाई, आहे हे त्यावरून कळत नाही, पण लोक हटकून तसं समजतात. नव्या, धड अवस्थेतल्या अशा नटात प्ले असतो तो दोन-चार शतांश मिलिमीटरचा. ०.१४ नव्या नटातून येणं मला पटत नाही. तो कुठून तरी दुसरीकडून येतोय, आणि बहुतेक वेळा ती जागा म्हणजे मोटरकडचा बेअरिंग ब्लॉक, तुमचा बीके-१२.

कारण सांगतो. टेबलावर कटरचा जो काही दाब पडतो तो नटातून स्क्रूत आणि स्क्रूतून एकाच जागी जातो, मोटरकडच्या बेअरिंगच्या जोडीत. पलीकडचा बीएफ स्क्रूला फक्त आधार देतो. त्याला लांबीच्या दिशेने मुद्दाम मोकळं ठेवलेलं असतं, स्क्रू तापून वाढला तर वाट मिळावी म्हणून. म्हणजे मागे-पुढे धरून ठेवणारं एकच ठिकाण. तिथे ०.१ ढिलाई असली तर नट कितीही महागाचा आणा, टेबल ०.१ हलणारच.

आता तपासायचं कसं. मोटर फिरवू नका, फक्त तिची वीज चालू ठेवा, म्हणजे ती स्क्रू धरून ठेवेल. डायलचा मॅग्नेट मशिनच्या मूळ कास्टिंगवर बसवा, टेबलावर नको. स्क्रूच्या मोकळ्या टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीसचा ठिपका लावून एक स्टीलची गोळी चिकटवा आणि डायलला सपाट टोक लावून ते गोळीवर टेकवा. गोळी कशासाठी? स्क्रूचं तोंड कधीच बरोबर काटकोनात नसतं. ते किंचित फिरलं तरी डायल खोटं बोलतो. आता टेबल दोन्ही हातांनी पुढे ढकला, मागे ओढा. हे करताना स्क्रूवर आणि कपलिंगवर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) मार्करने एक रेघ मारून ठेवा आणि ती रेघ हलते का बघा. बॉल स्क्रूला टेबल ढकललं की स्क्रू स्वतः फिरायला बघतो, जुन्या चौकोनी आट्यांच्या स्क्रूसारखा अडून राहत नाही. ०.१ मिमी चालीला स्क्रू ७.२ अंश फिरतो, आणि १६ मिमीच्या कडेवर ते बरोबर १ मिमी होतं. डोळ्यांना दिसतं. कपलिंगचा ग्रब स्क्रू सुटला असेल किंवा मधलं रबर झिजलं असेल तर इथेच सापडेल.

रेघ हलली नाही आणि गोळीवरचा डायल ०.१ च्या आसपास हलला, तर चोर बीकेमध्ये आहे. डायल आता खुद्द ब्लॉकवर लावा. ब्लॉकच हलत असेल तर त्याचे बोल्ट किंवा तो ज्या प्लेटवर बसवलाय ती प्लेट कमजोर आहे. घरच्या मशिनांत मोटरच्या बाजूला पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी करून तिच्यावर ब्लॉक लावलेला मी बऱ्याचदा बघतो. ती पट्टी वाकते. तिथे निदान २० मिमीची प्लेट पाहिजे, आणि ती बेडला नीट टेकलेली पाहिजे.

ब्लॉक घट्ट आहे पण स्क्रू त्याच्या आत सरकतोय, असं असेल तर लॉकनट बघा. लॉकनटने बेअरिंगची आतली रिंग आवळली गेली पाहिजे. खांदा आणि लॉकनट यांच्यामध्ये कॉलर, बेअरिंग, कॉलर असं सगळं दाबून बसायला हवं. कित्येकदा आटे थोडे कमी लांबीचे पाडलेले असतात. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन घट्ट होतो आणि पान्याला वाटतं की बेअरिंग आवळलं. एक पातळ शिम वॉशर घालून बघा, लगेच कळेल. आवळायचं किती? डायलवरचा प्ले शून्य होईपर्यंत, आणि त्यापुढे अगदी थोडं. कपलिंग सोडून स्क्रू दोन बोटांनी फिरवा. एकसारखा, किंचित जड फिरला पाहिजे. खरखर लागली तर जास्त झालं. मग लॉकनटचा ग्रब स्क्रू आवळा, पण त्याखाली पितळेचा तुकडा आहे का ते आधी बघा, नाहीतर तो आटे खातो.

लॉकनट व्यवस्थित असूनही प्ले राहतोय? मग ब्लॉक उघडा. आत अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी असायला हवी. स्वस्तातल्या ब्लॉकमध्ये कधी कधी साधी डीप ग्रूव्ह बेअरिंगं निघतात. ओळखायचं सोपं आहे : अँग्युलर कॉन्टॅक्टच्या बाहेरच्या रिंगचा एक खांदा उंच आणि दुसरा उतरता असतो, साध्या बेअरिंगचे दोन्ही सारखे. आणि जोडी असली तरी ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेने बसलेली पाहिजे. दोन्ही एकाच दिशेला तोंड करून बसली तर एका बाजूचा दाब झेलायला कुणीच नाही. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मशिनांत नट खराब असण्यापेक्षा हा प्रकार जास्त असतो.

हे सगळं पार पडलं तर पुढे नट आणि नटाचं हाउसिंग. डायलचा मॅग्नेट टेबलाखालच्या भागाला, टोक नटाच्या फ्लँजला. तिथे हलतंय म्हणजे हाउसिंगचे बोल्ट. आणि शेवटी गिब, म्हणजे टेबलाच्या सरकण्याच्या वाटेतली फट भरणारी पट्टी. गिब सैल असेल तर टेबल सरळ सरकण्याऐवजी किंचित वळतं, म्हणून टेबलाच्या दोन टोकांना डायल वेगवेगळा दाखवतो.

तुमच्या भोकाचे चट्टे डाव्या-उजव्या बाजूला आहेत, म्हणजे एक्स अक्ष दिशा बदलतो तिथेच. वरच्या-खालच्या कडेला चट्टा नाही, म्हणजे तुमचा वाय अक्ष ठीक आहे. एकाच मापाच्या दोन नटांपैकी एक बरा आणि एक ०.१४ सैल, हे असं सहसा होत नाही. एक्सचा लॉकनट बघा.

सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी चाल, भरून काढायचा आकडा टाकता येतो, तो मोह आवरा. भोकं पाडायला तो चालतो. पण मिलिंग करताना कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो, आणि ढिलाई असेल तेवढं टेबल धक्क्याने पुढे जातं. ते सॉफ्टवेअरला दिसत नाही. प्ले दोन-तीन शतांशावर आणा, मग उरलेल्यासाठी तो आकडा टाका.

शहापूरहून एक ताई लिहितात :

"माझं पितळी छाप कोरण्याचं काम आहे. जुनं घेतलेलं मशिन आहे. एक्सचा स्क्रू झिजला म्हणून नवा १६०५ बसवून घेतला. तेव्हापासून १०० मिमी सांगितलं तर ९८.४३ जातंय, ५० सांगितलं तर ४९.२१. उलट-सुलट दोन्हीकडे तेवढंच. सध्या ड्रॉइंग आडवं थोडं मोठं करून काम भागवतेय. स्क्रू परत करू का?"

ताई, स्क्रू परत करू नका, तो निर्दोष आहे. तुमचं मोजमाप इतकं नेटकं आहे की उत्तर त्यातच आहे.

चूक नेहमी अंतराच्या प्रमाणात येतेय. १०० ला जेवढी, त्याच्या अर्धी ५० ला. असं असलं की दोष सैलपणाचा नसतो, गणिताचा असतो. ५ ला ९८.४३ टक्क्यांनी भागा : ५.०८ येतात. ५.०८ मिमी म्हणजे ०.२ इंच. तुमचं जुनं मशिन इंचातलं होतं, त्याचा स्क्रू एका फेऱ्यात ०.२ इंच जायचा. नवा स्क्रू ५ मिमीचा आला, पण कंट्रोलरला कुणी सांगितलं नाही. तो अजून जुन्याच हिशोबाने पल्स, म्हणजे मोटरला द्यायचे विजेचे ठोके, मोजतोय.

मोटर एका फेऱ्याला २०० पावलं टाकते. ड्राइव्हवर (मोटर चालवणारा डबा) मायक्रोस्टेप ८ असेल, म्हणजे एका पावलाचे ८ भाग, तर १६०० पल्स. जुना हिशोब १६०० भागिले ५.०८, म्हणजे ३१४.९६ पल्स दर मिमीला. नवा १६०० भागिले ५, म्हणजे ३२०. एक्सच्या सेटिंगमध्ये ३१४.९६ दिसेल, तिथे ३२० घाला. वाय आणि झेडचे स्क्रू बदलले नसतील तर त्यांचे आकडे अजिबात हलवू नका. ड्रॉइंग मोठं करणं आजच बंद करा. तसं केल्याने खोबणीची रुंदी आणि अक्षरांची जाडी दोन्ही दिशांना वेगवेगळी होते, छापात ते उमटतं.

३२० घातल्यावर व्हर्नियरने मोजून आणखी ०.०२ चा फरक दिसला तर तो आकडा पुन्हा पुन्हा कुरवाळत बसू नका. व्हर्नियर स्वतःच तेवढा विश्वासाचा नाही, आणि सी७ स्क्रूला तेवढी मुभा आहे.

एक गोष्ट इतर वाचकांसाठी इथेच सांगतो. चूक अंतराच्या प्रमाणात वाढली तर सेटिंग बघा. दिशा बदलली की प्रत्येक वेळी तेवढीच चूक येत असेल तर बॅकलॅश. आणि प्रत्येक वेळी वेगळी, साठत जाणारी चूक असेल, मशिन शून्यावर परत येत नसेल, तर मोटर पावलं चुकतेय किंवा कपलिंग घसरतंय.

खानापूर तालुक्यातून डिप्लोमाचा एक विद्यार्थी लिहितो :

"सर, मी टोकं न केलेला सहाशे मिमीचा बॉल स्क्रू घेतलाय. बेळगावात एका टर्नरने हॅकसॉ लावून बघितली, पातं गुळगुळीत झालं, आणि तो नको म्हणाला. टोकं कशी करून घ्यावीत? आणि बसवताना कशाची काळजी घ्यावी?"

पातं जाणारच. या स्क्रूची वरची कातडी इंडक्शनने कडक केलेली असते, कडकपणाच्या मापाने ५८ ते ६२ रॉकवेल. आतला गाभा मऊ असतो. म्हणजे वरचा थर पार केला की काम सोपं. तोडायला ग्राइंडरचं पातळ कटिंग व्हील. तोडण्याआधी नट काढून ठेवा आणि उरलेल्या सगळ्या स्क्रूला कागद गुंडाळून टेप लावा; ग्राइंडिंगची धूळ खोबणीत बसली तर ती नंतर नट खाऊन टाकते. नट काढताना नळी लागते, तिचं पुढे माच्छेच्या पत्रात सांगितलं आहे. ते आधी वाचा, मगच नटाला हात लावा.

लेथवर एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल चालणार नाही, कार्बाइड टिप पाहिजे. खोबणीमुळे टूलला टप्प्याटप्प्याने धक्के बसतात, म्हणून टिप कडक आणि टोकदार घेऊ नका. चिवट ग्रेड, मोठं नाक, म्हणजे टोक गोलसर. काही टर्नर टूल पोस्टवर ग्राइंडर बांधून वरचे आटे आधी उडवतात आणि मग टिप लावतात. ती पद्धत मला आवडते. गॅसने लाल करून मऊ करायला सांगणारेही भेटतील. टोकाला ओलं फडकं गुंडाळून ते जमतं, पण लहान लांबीत उष्णता कुठवर गेली हे कळत नाही. कार्बाइड मिळत असताना तो धोका घेऊ नये.

चकमध्ये थेट जबड्यात स्क्रू धरू नका. अ‍ॅल्युमिनियमचा चिरलेला बुश करून त्यात धरा, आणि खोबणीच्या वरच्या कडेवर डायल लावून स्क्रू मध्यावर आणा. हे पाऊल टर्नरच्या डोळ्यांसमोर उभं राहून करून घ्या. टोक जर स्क्रूशी एकमध्य नसेल तर पुढे कुठलंच अलाइनमेंट जमत नाही.

मापं : मोटरकडे बेअरिंगसाठी १२ मिमी, एच६ मध्ये, म्हणजे १२ पासून खाली ११ मायक्रॉनपर्यंत. बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने बसलं पाहिजे, हातोडीने नव्हे. त्यापुढे लॉकनटसाठी एम१२ बाय १ आटे, त्यापुढे कपलिंगसाठी १० मिमी. पलीकडे बीएफसाठी १० मिमी आणि सर्क्लिपची खाच. १२ वर आल्यावरही कातडी थोडी कडक राहू शकते, तेव्हा आटे डायने पाडायला जाऊ नका. थ्रेडिंगच्या कार्बाइड टिपनेच पाडा. बेअरिंग टेकतो तो खांदा खोबणीमुळे अर्धवट तुटका मिळेल, त्याला घाबरू नका, मध्ये कॉलर येतो.

उद्यमबागेत हे काम करणारे चांगले टर्नर आहेत. ज्याने नको म्हटलं त्याचा राग धरू नका, त्याच्याकडे टिप नसेल. कागदावर पूर्ण ड्रॉइंग घेऊन जा, टॉलरन्ससकट. आपल्याकडे एका शेडमध्ये मराठी, कानडी, हिंदी तिन्ही चालतात आणि तोंडी सांगितलेलं माप तीन जणांतून जाताना बदलतं. आकडे कागदावर असले की प्रश्न मिटतो.

आता बसवणं. नट दाब घेतो तो फक्त लांबीच्या दिशेने. बाजूने त्याला ढकललं, तिरकं धरलं, तर तो लवकर मरतो. म्हणून स्क्रू टेबलाच्या सरकण्याच्या रेषेला दोन्ही प्रतलांत समांतर पाहिजे, वरून बघताना आणि बाजूनेही. माझी पद्धत अशी : बीके ब्लॉक बसवायचा, बोल्ट आवळायचे. नटाच्या हाउसिंगचे आणि बीएफचे बोल्ट फक्त लागतील एवढे. टेबल बीकेच्या अगदी जवळ आणायचं, आणि तिथे हाउसिंगचे बोल्ट आवळायचे. हाउसिंग आणि टेबल यांच्यात फट असेल तर फीलर गेजने मोजून तेवढी शिम घालायची. बोल्टने फट ओढून बंद करायची नाही. तसं केलं तर स्क्रू वाकतो. मग टेबल दुसऱ्या टोकाला, बीएफजवळ न्यायचं, बीएफ आपोआप जिथे येतो तिथे ठेवून आवळायचा. खाली फट राहिली तर तिथेही शिम.

झालं की हाताने स्क्रू एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा आणि हाताला काय लागतं ते ऐका. एका टोकाला जड, मध्ये हलका : अलाइनमेंट. प्रत्येक फेऱ्यात एकदा जड : स्क्रू वाकला आहे किंवा टोक मध्यावर नाही. सगळीकडे सारखा जड : आधी गिब सैल करून बघा. टिक-टिक असा आवाज : नटातली गोळी किंवा तिच्या परतीची वाट खराब. हे हाताने समजतं, त्याला उपकरण लागत नाही, आणि शिकत असताना ही सवय लागली तर जन्मभर कामाला येते.

संकेश्वरहून एक गृहस्थ विचारतात की हाताने हँडल फिरवायच्या मिलिंगला बॉल स्क्रू घालावा का.

घालू नये. चौकोनी किंवा ट्रॅपेझॉइडल आट्यांमध्ये घर्षण इतकं असतं की टेबल स्क्रूला फिरवू शकत नाही. हँडल सोडलं तरी टेबल जागेवर राहतं. बॉल स्क्रूत नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद पलीकडे पोचते, आणि तितक्याच सहज उलटीही येते. कटरने टेबल ओढलं की तुमचं हँडल हातात फिरतं. हात जायची भीती आहे. शिवाय बाजारात मिळणारे स्क्रू बहुतेक उजव्या आट्यांचे. ज्या अक्षात स्क्रू जागेवर फिरतो आणि नट सरकतो, तिथे मूळ स्क्रू बहुधा डावा असतो. बदलला तर हँडल उलटं चालेल, आणि वर्षानुवर्षांची हाताची सवय ऐन वेळी दगा देईल. त्याऐवजी मूळ नटाला एक चीर देऊन त्याचा प्ले बोल्टने कमी-जास्त करता येईल असा करून घ्या, गिब नीट लावा, आणि पैसे उरले तर डिजिटल स्केल बसवा.

काकतीहून एकाची तक्रार आहे की लाइट गेली की झेडचं हेड स्वतःहून खाली येतं आणि कटर जॉबवर बसतो.

वर सांगितलं तेच कारण. ३० किलोचं हेड ५ मिमीच्या स्क्रूवर साधारण ०.२ न्यूटन-मीटर इतकं मागे ढकलतं. वीज गेलेल्या स्टेपरला ते धरवत नाही. मोटर मोठी घेऊन काही होणार नाही, कारण तिलाही वीजच लागते. दोन गोष्टी करा आणि दोन्ही करा : हेडचं बहुतेक वजन पेलेल असा गॅस स्प्रिंग किंवा साखळीवरचं काउंटरवेट, आणि मोटरच्या मागे २४ व्होल्टचा असा ब्रेक, जो वीज असताना सुटतो आणि गेली की धरतो. ब्रेक असा जोडा, की ड्राइव्हची वीज गेली की त्याचीही जाईल. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसात कितीदा लाइट जाते हे तुम्हाला सांगायला नको. ब्रेक बसेपर्यंत हेडखाली लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय मशिन सोडून जाऊ नका.

माच्छेहून एक कारखानदार, जे घरीही मशिन चालवतात, लिहितात :

"मेस्त्री, फाउंड्रीची कास्टिंग घरच्या मिलिंगवर करतो. स्क्रू खरखर करायला लागला म्हणून नट साफ करायला स्क्रूवरून काढला, आणि गोळ्या सगळ्या ट्रेमध्ये सांडल्या. काही मिळाल्या, काही गेल्या. सायकलच्या दुकानातून आणून घालू का?"

सायकलच्या दुकानातून नको. १६०५ मधली गोळी ३.१७५ मिमीची, म्हणजे बरोबर एक सूत, त्यामुळे तिथली गोळी मापाला लागल्यासारखी वाटेल. पण नटातल्या सगळ्या गोळ्या एकमेकींशी एक-दोन मायक्रॉनच्या आत सारख्या असाव्या लागतात. एक जरी मोठी असली तर सगळा भार तीच घेते आणि खोबणीत खड्डा पाडते. बेअरिंगच्या दुकानातून एकाच पाकिटातल्या, चांगल्या ग्रेडच्या गोळ्या घ्या आणि पूर्ण संच बदला. जुन्या-नव्या मिसळू नका.

आधी नट आणि स्क्रू रॉकेलने धुवा. खोबणी भिंगातून बघा. कडेला बारीक खड्डे दिसले, नखाला अडकले, तर गोळ्या बदलून उपयोग नाही. स्वच्छ दिसली तर पुढे.

ट्रक-जीपच्या जुन्या स्टिअरिंग बॉक्समध्येही हेच तत्त्व असतं, गोळ्या फिरून परत येतात. गॅरेजवाल्यांनी ती बॉक्स भरलेली असते, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर मदतीला बोलवा. त्यात गोळ्या नळीतून लांब फेरी मारून येतात. तुमच्या नटात मात्र एकेका फेऱ्याची स्वतंत्र साखळी आहे. गोळी एक फेरा मारते आणि आतल्या बटणासारख्या तुकड्यावरून उडी मारून तिथेच परत येते. म्हणून नटाच्या आत बघून ती बटणं शोधा. ज्या आट्याला बटण नाही त्यात एकही गोळी पडता कामा नये, तिथे ती अडकून बसते. जाड ग्रीसचा लेप लावून प्रत्येक साखळीत गोळ्या चिमट्याने चिकटवा. साखळी ठासून भरू नका, एक गोळी मावेल एवढी जागा मोकळी ठेवा. एक गोळी कमी असली तरी नट चालतो, एक जास्त असली तर अडतो.

भरताना आत नळी लागते. नळीचा बाहेरचा व्यास स्क्रूच्या खोबणीच्या तळापेक्षा किंचित कमी. १६०५ ला १३ मिमीच्या आसपास, पण आपला स्क्रू मोजून ठरवा. नट नळीवर भरायचा, नळी स्क्रूच्या टोकाला टेकवून धरायची आणि नट हळूच फिरवत स्क्रूवर चढवायचा. जोर लागला तर थांबा, उलट फिरवा, पुन्हा बघा. स्क्रूचं टोक १२ किंवा १० मिमीचं असल्यामुळे नळी त्यावर सरकून खांद्याला टेकते, ते सोयीचं पडतं. पुढे कधीही नट काढायचा झाला तर असाच नळीवर उतरवायचा, म्हणजे गोळी बाहेर येत नाही.

पण तुमची खरखर का झाली हे विसरू नका. कास्टिंगच्या अंगावर भाजलेली वाळू चिकटलेली असते. ती ग्राइंडिंग पावडरच आहे म्हणा. मशिनवर चढवण्याआधी कास्टिंग घराबाहेर तारेच्या ब्रशने आणि चिपिंग हातोडीने साफ करा. पहिला कट कातडीच्या खाली जाईल एवढा खोल घ्या. वरवर घासत राहिलात तर वाळूही उडते आणि कटरही जातो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बेलोज, म्हणजे घड्यांची आवरणं, लावा. रेक्झिनचे घरी शिवलेलेही चालतात. नटाच्या दोन्ही तोंडांना वायपर सील आहेत का बघा, फाटले असतील तर आत्ताच बदला. आणि हवेच्या पाइपने मशिन साफ करायची सवय घरात सगळ्यांना मोडायला लावा. हवा वाळूला सीलच्या आत ढकलते. ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा.

ग्रीस साधं लिथियम, दोन नंबरचं. ग्रॅफाइटचं काळं ग्रीस नको. कास्टिंगचं काम रोज असेल तर ग्रीसपेक्षा ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल मला जास्त पसंत आहे, कारण ते घाण धरून ठेवत नाही, वाहून नेतं. मात्र ते रोज सकाळी घालावं लागतं. पावसात शेडमध्ये दमट हवा असते तेव्हा मशिन बंद करताना टेबल एका टोकाला न ठेवता मधोमध ठेवा आणि उघड्या स्क्रूवर तेलाचं फडकं फिरवा. गंजाचा एक ठिपका नटाखाली गेला की पुन्हा हीच खरखर सुरू होईल.